बाबांचा डावा पाय

लिस्बनमधल्या त्या दुसऱ्या दिवसाबद्दल मी आजवर जे सांगत आले, ते खोटं आहे. खरं काय ते फक्त मला माहीत आहे — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना कळायला हवं त्या बाबांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही बाबांना ओळखत नाही म्हणून असेल. घरच्यांपुढे मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा मध्येच चहा टाकायला उठले.

मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकमधल्या आमच्या मराठी मंडळींत कुणी युरोपला निघालं की मला फोन येतो. वॉकिंग टूर कोणती घेऊ? मी त्यातली जाणकार समजले जाते. आणि सल्लाही मी मोठ्या तोऱ्यात देते — छत्री उंच धरून पन्नास माणसं हाकणारा गाईड घेऊ नका, तो पाठ केलेले विनोद सांगतो. त्या शहराच्या अभ्यासात आयुष्य घालवलेला माणूस शोधा. ग्रुप सात-आठ जणांचाच हवा. आणि प्रश्न विचारलेले चालतात ना, ते आधी विचारून घ्या. हे शेवटचं म्हणताना माझी जीभ दर वेळी अडखळते. कारण हा सल्ला माझा नाहीच. तो बाबांचा आहे.

बाबा पुण्यात शाळेत इतिहास शिकवायचे. दर वर्षी नववीची सहल वसईच्या किल्ल्यावर न्यायचे, आणि पोरं डबे उघडून बसली तरी यांचं संपायचं नाही. निवृत्त झाल्यावर एकही व्याख्यानमाला सोडली नाही. व्याख्यान संपलं, ‘कुणाला काही प्रश्न?’ असं कुणी म्हणालं, की पहिला हात यांचा. आणि प्रश्न कसला — अर्धं भाषणच! मागच्या रांगेत लोक हसायचे. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून चपलांकडे बघत राहायचे.

पण चालण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा सकाळची टेकडी चुकवली नाही. सत्तरी उलटली होती, तरी वर जाऊन, खाली येऊन, कोपऱ्यावरून दूध घेऊन घरी. हे मी मुद्दाम सांगतेय. त्यांच्या पायांना काहीही झालेलं नव्हतं — हे तुम्ही लक्षात ठेवा, बाकी कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

तर, ऑफिसच्या कॉन्फरन्ससाठी मला लिस्बनला जायचं होतं. मी ठरवलं, बाबांना पुण्याहून तिथेच बोलवायचं, चार दिवस शहर दाखवायचं आणि मग बरोबर मेलबर्नला आणायचं. फोनवर ते म्हणाले, “मीनू, वसईचे पोर्तुगीज तिथूनच आले ना गं.” त्यांना एकच गोष्ट हवी होती, सांगणारा खरा जाणकार हवा. मी कितीतरी संध्याकाळी त्यात घालवल्या. शेवटी एक बाई सापडल्या — तेरेझा, इतिहासात डॉक्टरेट, विद्यापीठात शिकवून निवृत्त झालेल्या. दोन दिवसांची टूर, जुन्या वस्तीतून, थोडीच माणसं. बाबांना सांगितलं तर त्यांनी ओळखीच्या निम्म्या पुण्याला सांगितलं. माझ्या हातून त्यांच्यासाठी एवढी एकच चांगली गोष्ट झाली, आणि तीही मी पुरती होऊ दिली नाही.

कारण फुशारकी मारत मी त्या टूरबद्दल ग्रेगलाही सांगितलं होतं. ग्रेग माझा बॉस. तोही कॉन्फरन्सला आला होता, बायको बरोबर होती. दोघांनीही नाव नोंदवलं. वाईट माणूस नव्हता तो — त्याच्यावर ढकलायला मला जागाच नाही. पण त्याच्यासमोर मी फार जपून वागायचे. माझं इंग्रजी, माझं हसणं, माझे कपडे, सगळं त्याच्या नजरेने आधी तपासून घ्यायचे. का? त्याने कधी मागितलं होतं का तसं? नाही.

पहिल्या दिवशी आम्ही किल्ल्याच्या टेकडीवर चढलो. दगडी चढ, गुळगुळीत झालेले. ग्रेगला धाप लागली, बाबांना नाही. वर पोचल्यावर तेरेझाबाईंनी शहराच्या भूकंपाचं सांगितलं, खाली दिसणाऱ्या नदीतून जहाजं कशी निघायची ते सांगितलं, आणि म्हणाल्या, काही प्रश्न? बाबांचा हात वर. “मॅडम, परमिट मी वन स्मॉल क्वेरी,” म्हणून सुरू झाले. मी पुण्याहून आलो. मराठ्यांनी तुमच्याकडून वसई घेतली, जिला तुम्ही बसाईं म्हणता. तिथल्या चर्चच्या घंटा आमच्या देवळांत आजही वाजतात. पण तिथून जी कुटुंबं निघाली, त्यांचं पुढे काय झालं? कुणी इथवर परत आलं का? या शहराला त्यांची आठवण आहे का? — हे सगळं त्यांच्या त्या शाळामास्तरी इंग्रजीत, घसा साफ करत, मध्येच मराठीत अडखळत. ग्रेगची बायको पायरीवर बसली. ग्रेगने घड्याळ पाहिलं.

चांगला प्रश्न होता हो तो. आज मला कळतं. तेव्हा बाईंचा चेहरा कसा होता, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मी ग्रेगकडे बघत होते.

संध्याकाळी हॉटेलात ग्रेग म्हणाला, “युअर डॅड्स अ कॅरेक्टर, मेट.” एवढंच. हसून म्हणाला. वल्ली आहेत तुझे बाबा — त्यात चेष्टा होती की कौतुक, मला आजही माहीत नाही. पण मी रात्रभर तेवढं एकच वाक्य चघळत बसले. उद्या पुन्हा तो हात वर होणार, पुन्हा ते घसा साफ करणं, पुन्हा घड्याळ. मला नको होतं. माझा बाप मला त्या माणसांसमोर नको होता — हे असं आहे. कितीही गोल फिरून आले तरी इथेच येऊन थांबते.

सकाळी बाबा लॉबीत माझ्याआधी तयार. कॅनव्हासचे बूट, नाडीला दुहेरी गाठ, डोक्यावर टोपी. आणि मी म्हणाले, बाबा, तेरेझाबाईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, आजचा रस्ता तुम्हाला झेपणार नाही.

कुणाचाही फोन आलेला नव्हता.

‘मला वाटतं, तुम्हाला झेपणार नाही,’ असं मी म्हटलं असतं, तर ते हसले असते आणि माझ्या पुढे चालू लागले असते. ते मला ठाऊक होतं, म्हणून तर मी ते बाईंच्या तोंडी घातलं. ज्याने अभ्यास केलाय त्याचं ऐकावं, हे बाबांनी आम्हाला जन्मभर शिकवलं. त्यांच्या त्याच श्रद्धेला मी हाताशी धरलं.

त्यांनी विचारलं, “त्या स्वतः म्हणाल्या?”

मी हो म्हणाले.

“कशावरून?”

आता तुम्हीच सांगा, इथे तरी मी थांबायचं होतं की नाही? मी म्हणाले, काल उतरताना तुमचा डावा पाय ओढला जात होता म्हणे. त्यांच्या लक्षात आलं.

हा डावा पाय मी तिथल्या तिथे बनवला. उजवा म्हणाले असते तर उजवा झाला असता. बाबांनी खाली पायाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “मला कसं गं कळलं नाही?” आणि सोफ्यावर बसून नाडीची गाठ सोडायला लागले. मी त्यांना एक कॉफी मागवून दिली आणि निघाले.

इथे संपलं असतं तर मी कदाचित कधीतरी घरी सांगून मोकळी झाले असते. पण तेरेझाबाई ठरलेल्या चौकात उभ्या होत्या आणि माझ्या मागे बघत होत्या. तुमचे वडील? मी म्हणाले, बरं नाहीये त्यांना. म्हणजे तिकडे एक खोटं, इकडे दुसरं — आणि दोन्हीकडचा पूल फक्त मी. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी आम्हाला आधी ठरलेल्या रस्त्याने न नेता एका छोट्या चर्चमध्ये नेलं. सकाळीच जाऊन त्यांनी किल्ली मागून ठेवली होती. आत जमिनीत थडग्यांचे दगड होते. त्या गुडघ्यांवर बसल्या, एका दगडावरची धूळ हाताने पुसली आणि मला जवळ बोलावलं. झिजलेली अक्षरं होती, पण वाचता येत होती. बसाईं. तिथे जन्मलेला, इथे येऊन मेलेला कुणी एक माणूस. तुमच्या वडिलांचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता, म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

पुढे त्या म्हणाल्या, उद्या मी त्यांना एकट्यांना घेऊन येईन. टॅक्सी दारापर्यंत येते.

मी म्हणाले, उद्या सकाळीच आमचं विमान आहे.

विमान परवा होतं.

फोटो काढला का, विचारताय? ग्रेगने काढला, त्याच्या बायकोने काढला. मी नाही काढला. काढला असता तर दाखवावा लागला असता. मधला तो एक दिवस बाबा आणि मी नदीकाठच्या बाकावर बसून काढला. त्यांनी चालायचं नाव काढलं नाही, आणि मी काढू दिलं नाही — रस्त्यात तेरेझाबाई भेटल्या तर?

पॉइंट कुक कसं आहे, सांगू? परातीसारखं सपाट. खाडीकडे जाणारी पायवाट आमच्या घरामागूनच जाते. तिथल्या पहिल्या सकाळी बाबा पत्र्याच्या लेटरबॉक्सपर्यंत गेले, डाव्या पायाकडे बघत बघत, आणि परत आले. मी म्हणायचे, बाबा, चला ना फिरायला. ते म्हणायचे, नको, पडलो तर तुला ऑफिस टाकून यावं लागेल. बाईंनी सावध केलंय तर ऐकावं. माझंच खोटं ते मला समजावून सांगायचे. आणि मी मूग गिळून बसायचे. काही महिन्यांत तो पाय खरंच ओढला जायला लागला. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे — एक पाऊल टेकल्याचा आवाज, आणि एक घासल्याचा. पुण्याला परत जायला त्यांनीच नाही म्हटलं. टेकडी समोर दिसणार आणि चढता येणार नाही, मग जाऊन काय करू? आधी काठी आली, मग वॉकर. आता व्हीलचेअर आहे.

गेल्या हिवाळ्यात फिजिओकडे नेलं होतं. तरुण मुलगी होती, फार आपुलकीने तपासलं तिने. सांधे वयाच्या मानाने चांगले आहेत म्हणाली, फक्त वापर नसल्याने ताकद गेली, आणि या वयात गेलेली फारशी परत येत नाही. कधी पडले होते का, काही झालं होतं का, तिने मला विचारलं. उत्तर बाबांनीच दिलं. “द लेफ्ट लेग इज डिफेक्टिव्ह. अ स्कॉलर इन लिस्बन डिटेक्टेड इट.” अभिमानाने म्हणाले हो! त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

आता सांगून टाकावं, असं तुमच्या मनात आलं असेल. काय सांगू? की तुमचे पाय चांगले होते? की तुम्ही ज्या बाईंना मानता, त्यांना तुमचा प्रश्न आवडला होता, आणि उत्तर जमिनीत कोरलेलं होतं, टॅक्सीच्या अंतरावर? त्यांना आणखी दुःख कशाला द्यायचं, असं मी स्वतःला सांगते. पण त्यांच्या दुःखाची मला एवढी काळजी कधीपासून? मला भीती वाटते, एवढंच आहे. तेव्हा ग्रेगची वाटत होती, आता बाबांची वाटते.

परवाच्या रविवारी पलीकडच्या गल्लीतली केतकी आली होती, नवऱ्याबरोबर. दोघं लिस्बनला निघालीत. टूरचं विचारायला आलेली. मी नेहमीचं सुरू करणार, तेवढ्यात बाबाच बोलले. “त्या तेरेझाबाईंचीच घ्या. फार मोठी बाई. एका दिवसात माझी चाल ओळखली. माणसाला खरं सांगतात.”

केतकी म्हणाली, “वा! आणि दुसऱ्या दिवशी काय दाखवलं त्यांनी?”

“ते हिला विचार,” बाबा म्हणाले. “मी कुठे होतो? आणि ही कधी नीट सांगत नाही.”

सगळेच माझ्याकडे बघत होते. बाबा तर असे पुढे झुकून, व्याख्यानाला बसल्यासारखे.

मी म्हणाले, “काही विशेष नाही, बाबा. एक जुनं चर्च होतं.”

“बरं,” बाबा म्हणाले. आणि मला चहाचा ट्रे घेऊन पुढे जाता यावं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलला आणि बाजूला ठेवला.