भागीबाईची पेज आणि माझा थर्मास

डिसेंबर लागला की इंदिरानगरात माझा भाव वधारतो. गवती चहाची दोन पाती, ठेचलेलं आलं, चिमूटभर सुंठ आणि गूळ घालूनही न फाटणारा माझा चहा. सकाळी फिरायला निघालेले लोक आमच्या फाटकाशी मुद्दाम रेंगाळतात. कॉफी मी घरात येऊ देत नाही. चौतीस वर्षं विमा कचेरीत टेबलामागे काढलेल्या माणसाला अभिमान बाळगायला काहीतरी लागतंच. मी चहा धरला.

यंदा दत्तूदादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं द्राक्षांच्या विरळणीत आलं. पिंपळगाव बसवंतजवळ त्याची दोन एकर बाग आहे. घडातले जादा मणी कात्रीने काढले नाहीत तर उरलेले फुगत नाहीत, आणि या कामाला जेमतेम आठ दिवस मिळतात. दादा म्हणाला, "बांधावर खुर्ची टाकून बस. भागीबाईला सगळं कळतं. तू काही करू नकोस." शेवटचं वाक्य मी फारसं मनावर घेतलं नाही.

भागीबाई पेठच्या पलीकडच्या डोंगरातली. पावसाळ्यात स्वतःच्या उतारावर भात आणि नागली, म्हणजे आपली नाचणी, करायची आणि दिवाळी झाली की अकरा माणसांची टोळी घेऊन खाली द्राक्षांत यायचं, असं तिचं एकोणीस वर्षं चाललंय. नवरा गेला त्या वर्षीही, आठ दिवस उशिरा का होईना, ती आली होती, असं दादा सांगतो. साठी कधीच ओलांडलेली. बोलणं कमी, आणि बोललीच तर समोरच्याचं काम वाढवणारं.

पहिल्या दिवशी मी सातला पोचलो तेव्हा पारा सहावर होता आणि बागेत कोणीही काम करत नव्हतं. तीन दगडांच्या चुलीवर जर्मनच्या टोपात नागलीची पेज रटरटत होती आणि सगळी टोळी वाडगी धरून बसली होती. वैद्याने नाडी बघावी तशी भागीबाई एकेकाची बोटं चाचपायची आणि मगच त्याच्या हातात कात्री द्यायची. मी घड्याळ लावलं. पन्नास मिनिटं! सगळ्यांत शेवटी तिने स्वतः कात्री घेतली. तिची बोटं वाकलेली, उघडायला वेळ लागत होता.

मी पाहतोय हे तिच्या लक्षात आलं.

"भाऊ, दादा काय म्हणले? पुढच्या साली बोलावतील ना मला? यंदा बोटं लय उशिरा सुटतात. घरी बसले तं पोरांच्या जिवावर खायचं. तसं नाय जमायचं मला."

"बघू," मी म्हणालो. हा शब्द मी कचेरीत चौतीस वर्षं वापरला होता.

संध्याकाळी दादाला फोन करून सांगितलं की म्हातारी थकली, पुढच्या वर्षी दुसरी मुकादम बघ. दादा म्हणाला, "तू आधी चार दिवस नीट बघ, मग बोल."

दुसऱ्या दिवशी मी दहा लिटरचा थर्मास आणि कागदी कप घेऊन गेलो. आजपासून चूल बंद, असं जाहीर केलं. गरमच प्यायचंय ना, मग माझा चहा प्या आणि कामाला लागा. भागीबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. "बरं, भाऊ." सगळ्यांनी चहा घेतला, कोणीतरी "भारी हाय" असंही म्हणालं, आणि सव्वासातला कात्र्या चालू झाल्या. मी थर्मासशेजारी उभा राहून फोटो काढला आणि दादाला पाठवला.

नऊच्या सुमाराला भागीबाईने मला हाक मारून ओंजळ पुढे केली. तीत चांगले ठसठशीत मणी होते, जे वेलीवर राहायला हवे होते. राहिलेल्यांतले कितीतरी कात्रीच्या टोकाने खरचटले होते. असा मणी पुढे सडतो आणि शेजारच्यांनाही सडवतो.

"लक्ष कुठे असतं तुमचं?" मी ओरडलो, आणि कसं कापतात ते दाखवायला कात्री हातात घेतली. दादाकडची शेतीची मासिकं मी बरीच वाचली आहेत. पण माझी बोटं नेमकी कुठे आहेत तेच मला कळेना. कच्च आवाज झाला आणि अख्खा घड माझ्या बुटावर पडला.

कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

भागीबाईने माझा हात ओढून बोटं चाचपली. "मेलीत ही," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला गेली. मी मागोमाग गेलो.

"तुम्हाला माहीत होतं, तर काल का नाही बोललात? सकाळी का नाही बोललात?"

"पुढच्या सालचं तुमच्या हातात," ती लाकडं सारत म्हणाली. "मग नाय कसं म्हणू?"

मला लाज वाटली. माझ्या एका 'बघू'मुळे एकोणीस वर्षांचं शहाणपण तोंड मिटून उभं राहिलं होतं.

पेजेचं वाडगं हातात आल्यावर मी ते तोंडाला लावणार, तोच तिने मनगट धरलं. "पिऊ नका अजून. नुसतं धरा."

कागदी कपातला चहा बोटांपर्यंत पोचायच्या आत संपतो. दाट पेज बराच वेळ गरम राहते. बोटं आधी सुटतात, मग ती प्यायची. खरं सांगायचं तर मला ती भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली. चौथ्या दिवशी मी दुसरं वाडगं मागून घेतलं.

विरळणी संपली त्या दिवशी मी मोठ्या मनाने भागीबाईकडे गेलो. "पुढच्या साली नक्की यायचं. मी सांगतो दादाला."

"दादांचा सकाळीच फोन आला व्हता," ती टोप घासता घासता म्हणाली. "मला ये म्हणले. तुमचंच काय ते ठरलं नाय."

"मग?"

"मी म्हणले, येऊ द्या त्यांला. वाडगं धरता येतं आता."