कडुनिंबाखालची लाल खुर्ची

"हं, करा सुरू," असं म्हणून काकू पदर कमरेला खोचायच्या. सुरू करायच्या त्या लोकांनी काकूंना द्यायच्या शिव्या. नळाच्या दिवशी सकाळी नगरपरिषदेच्या पायऱ्यांसमोर, कडुनिंबाखाली, आमच्या पाणीपुरवठा सभापती असलेल्या या काकू आपल्या भाजीच्या दुकानातली लाल प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत आणि ज्याच्याकडे पाणी आलं नाही त्याचं ऐकून घेत. मी त्याच खात्यात कारकून. खिडकीतून हा तमाशा मला फुकटात दिसायचा.

सभापती तुम्हीही पाहिले असतील. गाडीतून उतरतात, "बघतो" म्हणतात आणि दिसेनासे होतात. तोंड दाखवायला दरवेळी वेळेवर येणारा सभापती मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

एकदा एक गृहस्थ तावातावानं म्हणाले, "काकू, नगरपरिषदेच्यानं होत नसन तं देऊन टाका ना पानी ठेकेदाराले!"

"देऊन टाकू बापा. मंग शिव्या देयाले कुठं जाशीन? अमरावतीले का मुंबईले?"

गर्दी हसली. काकू हसल्या नाहीत. "नळ गावाचा हाय, म्हनून तू माह्या तोंडावर बोलून राहिला. बोल, थांबू नको."

आमच्या गावात एक रिवाज होता. जो सभापती, त्याच्या वॉर्डात पाणी जास्त वेळ. कोणी सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही. सभापती बदलला की व्हॉल्व्हची चावी आपसूक त्या बाजूला वळायची. काकू निवडून आल्या तेव्हाही व्हॉल्व्हमननं इमानेइतबारे त्यांच्या गल्लीचा नळ दुपारपर्यंत चालू ठेवला. अंगणं धुऊन झाली, म्हशी धुऊन झाल्या, नाली वाहू लागली. काकू तरातरा टाकीवर गेल्या.

"काहून रे, माह्या गल्लीत लगन हाय का?"

तो बिचारा म्हणाला, "काकू, दरवेळी असंच असते."

"आता नाई. पयले टेकडीवाल्याइले दे. माह्या वार्डाले शेवटी."

टेकडीवरच्या वस्तीत नळातून पाण्यापेक्षा हवाच जास्त यायची. आता तिथं घागरी भरू लागल्या आणि काकूंच्या वॉर्डातली धार बारीक झाली. त्यांची सख्खी जाऊ खुर्चीसमोर येऊन कडाडली, "घरची सभापती, अन् घरातच रांजन कोरडा!"

"बोल वं, तुहा बी हक्क हाय," काकू म्हणाल्या आणि संध्याकाळी तिच्याचकडे चहाला गेल्या.

निवडणूक जवळ आली तसं मला राहवेना. "काकू, टेकडीवाले तुमच्या वार्डात नाईत. त्याइचं एकबी मत तुमाले पडनार नाई."

"मालूम हाय मले. पन टाकी काई माह्या वार्डाची नाई."

काकू पडल्या. निकालाच्या दिवशी टेकडीवरच्या बाया त्यांच्या दारात येऊन रडल्या. पण त्यांची मतं दुसऱ्याच वॉर्डात होती. मला मनापासून वाईट वाटलं आणि काकूंच्या वॉर्डाचा रागही आला. काकूंनी खुर्ची उचलून दुकानात नेली.

नवे सभापती काकूंच्याच वॉर्डातून, त्यांनाच पाडून आलेले. चावी जुन्या सवयीनं फिरली आणि टेकडीवर पुन्हा हवा आली. सकाळी तिथल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन खाली उतरल्या. कडुनिंबाखाली कोणीच नव्हतं. कोणाशी बोलावं ते कळेना, म्हणून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात काकू आल्या, डोक्यावर लाल खुर्ची घेऊन. ती जुन्या जागी ठेवून त्यांनी खिडकीकडे पाहून मला हाक मारली, "सभापतीले भायेर बोलाव."

नवे सभापती बाहेर आले. इकडेतिकडे पाहिलं, पळायला वाट नव्हती. बसले.

काकू बायांच्या रांगेत पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि पदर खोचून म्हणाल्या, "हं. पयला नंबर माहा."

पुढच्या पाळीला टेकडीवर पाणी आलं. तेव्हापासून नळाच्या दिवशी नवे सभापती मुकाट्यानं तिथं बसतात. काकू ती खुर्ची परत न्यायला आल्याच नाहीत. दुकानात त्या आता पोत्यावर बसून भाजी विकतात.