लाल बाटला आणि करडाची गाठ

लाल बाटल्याच्या कडीला नाडा बांधायचं आमच्या बायकोनं काढलं, हे मी आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडनं ऐकायला मिळालं तर त्यात मीठमिरची लावलेली असायची.

बाटला म्हणजे आग विझवायचा. खांबाला अडकवलेला असतो. वर दांडी, दांडीत पिन, पिनेला गोल कडी. आग लागली की कडीला धरून पिन उपसायची आणि दांडी दाबायची, म्हणजे नळीतनं पांढरी पूड सुटते. माझ्यासारख्या चौथी नापासाला कळतं म्हणजे कुणालाही कळेल.

आमचा कारखाना साखरेचा, पण त्याच्या पोटात एक वीज केंद्र आहे. उसाचा रस काढून जो चोथा उरतो त्याला आम्ही बगॅस म्हणतो. तो बेल्टवरनं वर चढतो, बॉयलरमध्ये जळतो आणि त्या वाफेवर वीज होते. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हे चालू. वाळलेला बगॅस कसा पेटतो ते ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. बिडीचं थोटूक पुरतं. मी आधी बेल्टवर होतो. गुडघे गेले तसं मला पाण्याच्या लाईनीवर टाकलं. आगीसाठी पाण्याचे लाल पाइप सगळीकडं फिरवलेत, त्यांच्या व्हॉल्व्हच्या चाकांना तेल घालायचं, गळतंय का बघायचं, एवढं माझं काम. बायको झाडणाऱ्या बायकांच्या गँगमध्ये होती. बेल्टच्या टोकाला, जिथं बगॅस दिवसभर सांडत असतो, तिथं तिचा खराटा चालायचा.

ती सांगोल्याकडची, शेरडामेंढरांच्या घरातली. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडे, पंप, क्रेन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. बॉयलरची तर मोठीच पूजा. गेल्या खेपेला ही ताट घेऊन उभी राहिली आणि बॉयलरच्या फिटरला म्हणाली, "आगीला नारळ फोडतासा, आन इजवणाऱ्याला कोण इचारनार?"

"तू इचार की. तुजाच शेजारी हाय त्यो," फिटर म्हणाला.

हिनं खरंच बाटल्याला कुंकू लावलं, माळ घातली आणि लाल-पिवळा नाडा त्या कडीतनं ओवून दांडीला बांधून टाकला. कडी दिसली की तिच्यात दोरी घालायची, ही तिच्या माहेरची सवय. तिला वाटलं, कडी त्याच्यासाठीच दिलीय. तिचं बघून बाकीच्या बायकांनी पुढचे बाटले बांधले. संध्याकाळपर्यंत वीज केंद्रातला एकही बाटला सुटला नव्हता. सगळे नवरदेवासारखे दिसायला लागले. कुणी काही बोललं नाही. माळा वाळल्या तशा झाडून टाकल्या, नाडे राहिले.

मार्गशीर्षात ती गेली. ताप आला, तालुक्याला नेली, तिथनं सोलापूरला नेली, आणि आणली ती झाकूनच.

दिवस झाले तशा तिच्या वस्तू गेल्या. लुगडी जावांनी नेली, गोधडी लेकीनं नेली, शेळीही लेकीकडंच गेली. बरणीत तिच्या हातचं लोणचं होतं, ते मीच खाल्लं, कुणाला बोलू? मग एक दिवस चाकाला तेल घालता घालता माझी नजर बेल्टच्या टोकाच्या बाटल्यावर गेली. नाडा बगॅसच्या भुशानं मळला होता, पण गाठ जशीच्या तशी. तिच्या हातानं केलेलं एवढंच काय ते आता राहिलं होतं. त्या दिवसापासून मी दुपारची भाकरी त्या खांबाखाली बसून खायला लागलो.

आणि तपासणी निघाली.

आगीच्या बंदोबस्ताची तपासणी आमच्याकडं होते, पण तिची तयारी म्हणजे आदल्या दिवशी लाल रंग फासायचा आणि साहेबांच्या नाश्त्याला काय करायचं ते ठरवायचं. यंदा कारखान्यानं या कामाला एक पोरगी आणली होती. पोरगी म्हणतो, पण तिशी ओलांडलेली असेल. खाकी कपडे, पायात बूट, केस घट्ट बांधलेले. आधी ती समुद्राच्या काठाला एका अणुवीज केंद्रात आगीच्या खात्यात होती. हे कळल्यावर आमच्यात लई चर्चा झाली. एक जण म्हणाला, तिच्याजवळ जास्त उभं राहू नये. मी म्हणालो, तू तसाही कुणाजवळ उभं राहायच्या लायकीचा नाहीस.

मला ती पहिल्याच दिवशी आवडली, कारण ती शिडीवर माझ्या आधी चढली. साहेब लोक खालनं बोट दाखवतात. ही चाक स्वतः फिरवून बघायची, पाइपला कान लावायची, खाली उतरून हात पँटीला पुसायची.

"मॅडम, तितं अणूच्या कारखान्यात लई भ्या वाटत आसंल न्हवं?" मी एकदा विचारलं.

"मामा, तितंबी आग लागायची भीती वायरीलाच, तेलाला, चिंदीलाच. आपल्यासारखीच. फरक एवढाच की तितं चिंदी पडलेली कुणाला खपत न्हाय."

मग आमच्या चिंध्या निघायला सुरुवात झाली. पाण्याच्या लाईनीला ठिकठिकाणी लाल पेट्या आहेत, त्यांत पाण्याचा होस गुंडाळून ठेवलेला असतो. तिनं पहिली पेटी उघडली तर आत होसच्या वर भाकरीचं गाठोडं, ठेच्याची डबी आणि कुणाच्या तरी नातीचा स्वेटर. दुसऱ्या पेटीत चपला. तिसरीत तंबाखू, चुना आणि अर्धा नारळ. बायकांचा काय दोष? बगॅसचा भुसा नाकातोंडात, अन्नात, सगळीकडं जातो, आणि दार लागणारी जागा म्हणाल तर त्या पेट्याच.

आता ही ओरडणार असं मला वाटलं. तिनं ठेच्याची डबी उघडली, वास घेतला.

"कुणाचा हाय गं?"

बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. शेवटी आमच्या हिची मैत्रीण, माढ्याकडची, तोंडाची फटकळ, पुढं आली. "माजा हाय. शिक्षा करायची आसंल तर आदी खाऊन बगा."

मॅडमनं बोट लावून खाल्लं आणि डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसलं. तिथनं ती सरळ वेल्डिंगच्या शेडकडं गेली, पत्र्याचं जाळीदार कपाट करून घेतलं, बेल्टपासून लांब ठेवलं, आणि ते आल्यावरच पेट्या रिकाम्या करायला लावल्या. इतकी वर्षं मी नोकरीत काढली. आधी जागा द्यायची आणि मग काढून घ्यायचं, असं करणारा साहेब मी बघितला नव्हता.

पेट्या झाल्या, वाळूच्या बादल्यांतल्या तंबाखूच्या पिचकाऱ्या निघाल्या, वायरींवरचा भुसा निघाला. मग बाटल्यांची पाळी आली. तिनं एकाची पिन ओढली. हलेना. दुसऱ्याची ओढली. हलेना. नाडा कडीतनं दांडीला आवळलेला, वर तेलाचा आणि भुशाचा थर.

शिफ्टचा इंजिनियर भडकला. "अडाणी बायका! हे बघितलं तर साहेब सगळ्यांना घरी पाठवतील." गँगच्या बायका मान खाली घालून उभ्या.

"त्यांनी पूजा केली, साहेब," मॅडम त्याला म्हणाली. "आपण हे इतके महिने बघितलं नाही, ते आधी बोलू." मग बायकांकडं वळली आणि तिची भाषा एकदम बदलली. "आगं, देव म्हणून नमस्कार केला तर चांगलंच केलं की. पण देवाचं हातच बांदून ठिवलं तुमी. पेटल्यावर त्यानं काय करावं?"

एकदम हशा झाला. माढेकरीण म्हणाली, "व्हय गं बाई! आन आमी म्हंतोय, देव पावंना कसा!" बायकांनी स्वतःच विळे काढले आणि आपापले नाडे कापायला लागल्या.

मी तिथनं निघालो आणि बेल्टच्या टोकाला, त्या खांबाखाली जाऊन बसलो.

सगळे बाटले झाल्यावर मॅडम तिथं आली. हातात ब्लेड होतं. मी उठलो नाही.

"मामा, जरा सरकता का?"

"ह्येला हात लावू नका."

"का?"

"माज्या बायकोनं बांदलाय. ती न्हाय आता."

तिनं ब्लेड मिटून खिशात घातलं आणि समोर उकिडवी बसली. वर बेल्ट खडखडत होता, दोघांच्या अंगावर भुसा पडत होता. मला वाटलं, आता समजूत घालणार. ज्यानं त्यानं माझी समजूत घालून मला वीट आणला होता.

तिनं एवढंच विचारलं, "हितं पेटलं तर पयल्यांदा कुणाला भाजंल?"

हे तिनं विचारायला नको होतं, कारण उत्तर मला माहीत होतं. खाली खराटे घेऊन वाकलेल्या बायका. बायकोच्याच गँगच्या. तिच्या जागेवर आता माढेकरीण झाडत होती.

"कापायचा न्हाय," मी म्हणालो. "सोडवून काडतो."

"काडा की. मी थांबते."

मी नखं घातली. माझी बोटं म्हणजे उसाची कांडी. ओढलं तशी गाठ आणखी बसली. दात लावायला गेलो तर दातही पुढचे नाहीत. घाम आला. मनात बायकोला दोन शिव्याही हासडल्या. जिवंत असताना दिल्या तेवढ्यापेक्षा एक-दोन जास्तच. जेवणाची सुट्टी संपायला आली, गाठ तशीच.

"बगू," म्हणून मॅडम पुढं सरकली. गाठ बोटावर घेऊन उलटी केली आणि एकदम थांबली.

"मामा, मामी कुटल्या?"

"सांगोल्याकडल्या."

"तरीच. ही करडाची गाठ हाय. माजी आज्जी बांदायची." माझ्याकडं बघून ती हसली. "आमच्या घरात अजून शेरडं हायती. ही ओढून न्हाय सुटत. जेवढी ओढाल तेवढी बसती, पण करडाचा गळा आवळत न्हाय. मागनं ढकलायची आसती."

चाकांना घालायचं माझं तेल तिनं गाठीवर थेंबभर सोडलं. केसातली पिन काढली, गाठीच्या पाठीला लावली आणि अंगठ्यानं हळूच पुढं लोटलं. इतका वेळ दगड झालेली गाठ सैल पडली. नाडा अख्खा माझ्या तळहातावर. बाटल्याची पिन तिनं हलवून बघितली, मोकळी होती. ती पुन्हा नीट बसवली, त्यावर नवं सील लावलं.

इतकी वर्षं बायको शेळीला रोज माझ्यासमोर बांधत होती. गाठ कशी घालते हे मी कधी बघितलं नाही. शेळी काय, बांधलेली असायचीच.

"मला दावाल का?" मी म्हणालो.

तिनं माझं बोट धरलं. "हे करडू." नाडा बोटाभोवती घेतला, फास केला, टोक खालनं वर काढलं, मागनं फिरवलं, परत आत घातलं. सोडलं. पुन्हा केलं. मग माझ्या हातात दिलं. भोंगा झाला, तरी ती उठली नाही. मला जमेना. खाकी कपड्यातली, अणूच्या कारखान्यातनं आलेली ती पोरगी भुशात बसून एका म्हाताऱ्याला शेरडं बांधायला शिकवत होती, आणि इंजिनियर लांबनं घड्याळ दाखवत होता. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

तपासणीच्या दिवशी बाहेरचे दोन साहेब आले. माझी अशी समजूत होती की ते नेमका आमचा बाटला धरणार. मी सकाळपासून त्या खांबाजवळ हलत नव्हतो. ते आले, खांबाकडं नुसतं बघून पुढं गेले. मला रागच आला. इतकं करून तुम्ही बघणारसुद्धा नाही?

पुढच्या खांबाजवळ त्यांतले मोठे साहेब थांबले आणि झाडणाऱ्या माढेकरणीला म्हणाले, "मावशी, हे चालवता येतं का?"

इंजिनियर पुढं झाला. "सर, मी दाखवतो."

"त्यांना विचारलंय," साहेब म्हणाले.

मॅडमनं बायकांना मोकळ्या रानात दररोज शिकवलं होतं, आधी बायकांना आणि मग पुरुषांना, कारण पेटणाऱ्या मालाच्या जवळ बायका असतात. माढेकरणीनं पदर खोचला, बाटला उतरवला, पिन उपसली, "सरका" म्हणाली आणि दांडी दाबली. साहेब सरकले, पण पुरते नाहीत. बूट पांढरे झाले.

"आता न्हाय पेटत तुमी," ती म्हणाली.

साहेब हसले तेव्हाच आम्ही ओळखलं की झालं. मॅडम मागं उभी होती. तिनं फक्त श्वास सोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या माढेकरणीला, आणि मॅडमला तेच पाहिजे होतं असं तिच्या तोंडावरनं दिसत होतं.

साहेब गेल्यावर तिनं बायकांना बोलावून सांगितलं, "खंडेनवमीला पूजा करायचीच. कुंकू लावा, माळ घाला. पण नाडा बाटल्याला न्हाय, खांबाला." बायकांनी माना हलवल्या.

दसरा लांब होता. मी तेवढं थांबलो नाही. बायकोचा नाडा माझ्या खिशात होता, तो काढून त्याच खांबाला, बाटल्याच्या खाली, गाठ घालायला लागलो. माढेकरीण खराटा टेकून बघत राहिली.

"दाजी, ही गाठ न्हाय, गुंता हाय."

"तू झाड की."

सोडलं, पुन्हा बांधलं. फास, टोक खालनं वर, मागनं फेरा, परत आत. ओढून बघितलं, बसली. मग मागनं अंगठ्यानं ढकललं, सुटली. म्हणजे बरोबर होती. परत बांधली आणि चाकांना तेल घालायला गेलो.