नसीमबीच्या मापाची फळी

आमच्या नाटकांना थर्मोकोलचे राजवाडे कोरून देणारा समद आता नळदुर्गात फोमची सर्फिंगची फळी कोरत होता. त्याची मुलगी रुबिना मालवणला सर्फिंग शिकवते. तिथली आखूड फळी मंद लाट पकडत नाही आणि लांब फळी उभ्या लाटेवर लवकर वळत नाही, म्हणून तिला मधल्या लांबीची, स्वतःची फळी हवी होती. वरचा लेप मालवणातच लागणार होता. दुपारी ट्रक निघायचा होता आणि समद सकाळपासून अंगणात येरझाऱ्या घालत होता.

पूर्वी प्रयोगाआधी तो नटालाच चौथऱ्यावर उभं करून पाही. त्याच सवयीनं त्यानं मला फळीवर पालथं झोपवलं. लाट पकडायला पोहावं तसे मी हवेत जोरजोरात हात मारले. रंगमंच सुटल्यापासून इतका रंगलो नव्हतो!

फळीची जाडी ऐकून फोनवर रुबिना ओरडली, "अब्बा, माप कुणाचं घेतलं?"

"नानांचं."

"या खुदा! नाना माझ्या दुप्पट! एवढी जाड फळी माझ्या वजनानं कलणारच न्हाय, मग वळवू कशी?"

समदनं कानस उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग मुलीच्याच बांध्याच्या बायकोकडं पाहिलं.

"म्या न्हाय झोपणार," नसीमबी म्हणाली. "नाना हसतील."

"भाभी, मी पाठ करतो," म्हणत मी भिंतीकडं तोंड केलं.

जरा वेळानं मागून तिचा आवाज आला, "अजी, लाट कुठून येती?"

समदच्या येरझाऱ्या थांबल्या.

"पायाकडून," तो म्हणाला. "हात मार."