बरणीबद्दल माझी साक्ष

"वकीलसाहेब, कूलरमध्ये काही शिल्लक आहे का?"

दार उघडावे तो समोर सर उभे. एका हातात जामची रिकामी बाटली, दुसऱ्या हातात ड्रॉपर. त्यांना हव्या असत डासांच्या अळ्या. "लहानच द्या. मोठ्या तिला पेलवत नाहीत." शेजारी साखर मागतात, वर्तमानपत्र मागतात, हे तुम्हीही अनुभवले असेल. अळ्या मागणारा शेजारी सावेडीत मला एकट्यालाच लाभला.

सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक. परवा त्यांच्या शोकसभेत आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी अगदी कौतुकाच्या सुरात सांगितले की, सर डास पाळत. चूक उमगली तेव्हा, म्हणे, सरांनी रडत रडत आपल्या गॅलरीतली बरणी रिकामी करायला लावली. शोकसभेत उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून मी गप्प बसलो. इथे बसणार नाही.

बरणीत डास नव्हते, डासांना खाणारी वनस्पती होती. कर्जतकडच्या एका तळ्यातून सरांनी आणलेली. मूळ नाही, हिरव्या केसांचा गुंता पाण्यात सोडावा तशी. जमिनीवरच्या तिच्या बहिणीला लोक सीतेची आसवं म्हणतात. हिला तसे म्हटलेले सरांना खपत नसे. "ही कुणासाठी रडत नाही," ते म्हणत. त्या गुंत्याला मोहरीएवढे पारदर्शक फुगे होते. अळी आत ओढणारे, असे मी एकदा म्हणालो.

"ओढत नाही ती!" सर उसळले. "फुग्यातलं पाणी ती आधीच बाहेर काढून ठेवते. भिंती आत दबलेल्या, दार बंद. दाराच्या केसांना अळीचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि बाहेरचं पाणीच आत घुसतं, अळीला घेऊन. लगेच दार बंद. कष्ट आधीचे असतात, वकीलसाहेब. लोकांना फक्त झडप दिसते."

"म्हणजे आरोपी स्वतःच्या पायांनी आत गेला?"

"पाण्यानं नेला. तुमच्या कोर्टात पाण्याला उभं करा."

ती झडप मला कधी दिसली नाही. रविवारी चर्चहून परतले की ते माझ्या हाती भिंग देत. आधी रिकामा असलेला फुगा, नंतर त्यात एक काळा ठिपका. मधले काही नाही. "पापणी लवायच्या आत होतं," ते म्हणत आणि जिना चढून दमलेल्या पायांवर हात फिरवत बसत.

यंदा पाऊस सरता सरता खालच्या मजल्यावरच्या सूनबाईंना डेंगी झाला. सेक्रेटरींना सरांचा ड्रॉपर आठवला आणि त्यांनी बरणीची तक्रार केली. बरणीच्या तोंडाला मलमल बांधलेली असे, आणि महिनोन्‌महिने साचलेले पाणी सेक्रेटरींच्याच कूलरमध्ये होते, हे मी सर्वांसमक्ष सांगितले. कोणी ऐकले नाही. सरांनीही घरोघरी जाऊन समजावले. लोक मान डोलवत आणि दार लावून घेत. अळ्या मागणारा माणूस अळ्या वाढवत नव्हता, हे त्यांना पटतच नव्हते.

मग डासांच्या तपासणीला महापालिकेच्या बाई आल्या. उन्हातून आलेल्या, घामाघूम. सरांनी त्यांना आधी पाणी दिले आणि मग सगळे समजावले.

"मला कळतंय हो, सर," त्या म्हणाल्या. "पन तुमच्या बरनीची तक्रार हाय. उपड्या भांड्याचा फोटो टाकावाच लागतो. असं करा, झाड बादलीत ठेवा. फोटो झाला की परत भरा."

"यांच्याकडे लेखी आदेश मागतो," मी म्हणालो. "मी आहे ना!"

"राहू द्या, वकीलसाहेब." सर खुर्चीत बसले. "परत भरीन, परत कुणाला ताप येईल, परत माझीच बरणी. किती दारं वाजवू? ओता, बाई."

हीच सेक्रेटरींची 'कबुली'. थकलेल्या माणसाचे 'ओता' म्हणजे गुन्हा कबूल नव्हे.

बाईंनी गॅलरीच्या मोरीत बरणी उपडी केली. फोटो काढला. "माफ करा, सर," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. हिरवा गुंता ओल्या फरशीवर पडून राहिला.

सर भिंतीला धरून उठले आणि वाकले. जिन्यातून सेक्रेटरींना दिसली ती एवढीच पाठ.

"ऐका," सर मला म्हणाले.

मीही गुडघे धरून वाकलो. टिक. टिक. टिक. फार बारीक, पण स्पष्ट.

"पाणी नाही ना आता. हवाच घेतायत आत."

तेव्हा सर रडत नव्हते, ऐकत होते. माझा कान त्यांच्या कानाशेजारी होता, आणि ही साक्ष मी कुठल्याही सभेत देईन.

हळूहळू टिकटिक विरळ झाली, मग थांबली. मी कंबर सरळ करून उभा राहिलो. सर मात्र त्यानंतरही बराच वेळ वाकलेलेच होते.

त्या वेळेबद्दल मला काही सांगायचे नाही.