सहा किलो कमी

मुलगी हिंजवडीत नोकरीला असताना तिने एक लॅब्राडोर कुत्री पाळली होती. कंपनीने मुलीला कॅनडाला पाठवलं, तेव्हा ती कुत्री आमच्या येरवड्याच्या फ्लॅटवर आली, सहा महिन्यांसाठी. सहा महिन्यांची चार वर्षं झाली. मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, कुत्र्यांची फारशी आवड नसलेला माणूस. पण सकाळी बायको बुद्धवंदनेला बसली की कुत्री तिच्या शेजारी येऊन बसायची आणि वंदना संपल्यावर माझ्याकडे बघायची. मग मी चपला घालायचो.

गेल्या वर्षी एक जानेवारीला मुलीचा व्हिडिओ कॉल आला.

"पप्पा, केवढी सुटलीये ती. यंदा तिच्यासाठी काही गोल्स ठरवू या. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. जूनपर्यंत सहा किलो वजन कमी करायचं. चपाती आणि बिस्किटं बंद. दोन्ही वेळा अर्धा तास फिरवायचं. रविवारी एखाद्या नव्या जागी न्यायचं, म्हणजे तिचं मन रमेल.

"माणसांचं एवढं कुणी बघत नाही," बायको आतून म्हणाली. मुलगी हसली. खूप दिवसांनी तिला हसताना बघत होतो, म्हणून मी सगळ्याला हो म्हटलं.

आणि केलंही. कुत्रीचं खाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून द्यायचो. सकाळी जेलच्या भिंतीच्या कडेने फिरवायचो, संध्याकाळी नदीकडे. दर पंधरवड्याला प्राण्यांच्या दवाखान्यात जायचो. तिथे वजनकाटा बाहेरच ठेवलेला होता, डॉक्टरांना न भेटताही वजन करता यायचं. सदतीस होतं, ते चौतीस झालं. फेब्रुवारी संपता संपता एकतीस. जूनचं काम फेब्रुवारीतच झालं होतं. मी काट्याचा फोटो पाठवला, मुलीने टाळ्या वाजवणारे हात पाठवले. तो दिवस माझा फार चांगला गेला.

त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तोलून देता त्यातलंही ती निम्मं टाकतेय."

"चपातीची सवय मोडतेय. होईल ठीक."

"फिरायला निघतानाही उठवावं लागतं तिला."

"तू मध्ये पडू नकोस. लाड करून तूच वाढवलंस ते वजन."

बायको गप्प झाली. ती अशी गप्प झाली की तिचं म्हणणं बरोबर असतं, हे इतक्या वर्षांत मला माहीत झालेलं होतं. तरी मी पट्टा घेतला. नदीकडून परतताना कुत्री रस्त्याच्या कडेला बसली. मी पट्टा ओढला. ती उठली, केवळ मी ओढतोय म्हणून चार पावलं चालली आणि आडवी झाली.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी कुत्रीचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, मग सोनोग्राफी केली.

"प्लीहेवर गाठ आहे. यकृतातही पसरलीये. वजन कधीपासून उतरतंय?"

"ते आम्हीच उतरवलं," मी म्हणालो.

किती खाणं कमी केलं, ते त्यांनी विचारलं. मी अगदी ग्रॅममध्ये सांगितलं.

"तेवढ्याने दोन महिन्यांत सहा किलो जात नाहीत, काका."

"आधी आणलं असतं तर?"

"ऑपरेशन करून बघता आलं असतं. कदाचित थोडे महिने मिळाले असते."

दोन महिन्यांत मी चार वेळा त्या दाराबाहेर उभा राहून परत गेलो होतो. दार उघडंच असायचं.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "रजा मिळते का बघते." मिळाली नाही. बायकोने तूप लावून चपाती केली, बारीक तुकडे करून तोंडाशी धरले. कुत्रीने वास घेतला आणि डोकं तिच्या हातावर टेकलं. खाल्लं नाही. मार्चमधल्या एका दुपारी मी औषधाच्या दुकानात गेलो होतो. परत आलो तर बायको स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली, कुत्रीच्या पाठीवर हात. "चप्पल काढा आणि इथे बसा," एवढंच म्हणाली.

मुलगी मे महिन्यात आली, बारा दिवसांसाठी. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. कुत्रीच्या गादीची खोळ धुतली, वाळवली, घडी करून खालच्या रखवालदाराला दिली. ती निघाली त्या दिवशी विमानतळाच्या दाराशी मी कसंबसं म्हटलं, "मला कळायला हवं होतं."

"हो, पप्पा," ती म्हणाली आणि बॅग ओढत आत गेली.

आता रविवारी फोन येतो. चार वर्षं आम्ही दोघं फक्त त्या कुत्रीबद्दलच बोलत होतो, हे मला आता कळतं. तिकडे थंडी किती आहे, ते विचारून झालं की मी फोन बायकोकडे देतो.