ग्रहाला पाणी कोण सोडतं

कचरू साळवे पालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. कमरेइतकी उंच लोखंडी चावी सायकलला बांधून वारज्यात यायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि आतला व्हॉल्व्ह आटे मोजत फिरवायचा. एका गल्लीचं पाणी बंद, दुसरीचं चालू. नोकरीला लागले तेव्हा तिथे ज्वारीची शेतं होती. २००१ सालापर्यंत त्या जागी सात-सात मजली सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या, आणि कॉम्प्युटर कंपन्यांत जाणारी मंडळी तिथे राहायला येत होती.

त्यांची मुलगी निकिता इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजात विज्ञानकथांची स्पर्धा होती, म्हणून तिने एक कथा लिहिली आणि आधी पप्पांना वाचायला दिली. कथेतला सबंध ग्रह म्हणजे एकच शहर. माती नावाला नाही. जमिनीखाली चारशे मजले, वर सहाशे, लोकसंख्या एक लाख कोटी. आणि एक शूर कॅप्टन, बंडखोरांशी लढणारा.

कचरूंनी कथा दोनदा वाचली.

"छान लिहिलंयस. पण ही माणसं खातात काय?"

"गोळ्या. शेवाळाच्या. टाक्यांमध्ये वाढवतात."

"शेवाळाला खत कुठून येतं?"

निकिता कथेची पानं मागेपुढे उलटू लागली.

"आणि पाणी? नदी तर तू पहिल्याच पानावर बुजवलीस."

"पप्पा, ते सगळं ऑटोमॅटिक असतं! सायन्स फिक्शन आहे ती."

स्वयंपाकघरातून तिची आई, चंद्रभागाबाई म्हणाल्या, "एक लाख कोटी माणसं आणि संडास एकही नाही. फारच सोवळा ग्रह दिसतोय."

निकिता कागद उचलून तरातरा आत निघून गेली. रविवारी सकाळी मात्र आपणहून म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर."

वारज्यात पप्पा चावीच्या दांड्याला कान लावून पाइपातलं पाणी ऐकतात, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिसऱ्या झाकणापाशी ते व्हॉल्व्ह आवळत होते, तेवढ्यात बाल्कनीतून एक तरुण गृहस्थ ओरडले, "ओ चावीवाले! आज लवकर बंद करताय. घाई आहे का कुठे?"

"साहेब, आपली टाकी भरून वाहतेय. जरा गच्चीकडे बघा."

गृहस्थांनी मान वर केली. भिंतीवरून पाण्याचा ओघळ उतरत होता. "वाहू दे की. आमच्याच वाट्याचं आहे ना?"

निकिताचे कान तापले. कचरूंनी उरलेले आटे शांतपणे फिरवले.

"पप्पा, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

"वरच्या टेकडीवर कोण राहतं हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. तिकडचं पाणी सोडायला उशीर होतोय, चल."

काम उरकल्यावर ते तिला बसने लोणी काळभोरला आपल्या बहिणीकडे, तुळजाबाईंकडे घेऊन गेले. आत्याच्या रानात कोथिंबीर आणि पालक तरारून आले होते. पाटातलं पाणी काळपट होतं, त्याला वास येत होता.

"शहराचंच पाणी हाय ते," आत्या म्हणाल्या. "तुमी वापरून सोडून देता, आमी त्याची भाजी करून मंडईला धाडतो."

"आणि प्यायला?"

"प्यायला टँकर येतो. कधी येतो, कधी येत न्हाय."

येताना बसमध्ये निकिता खिडकीबाहेर बघत राहिली. हडपसर आल्यावर म्हणाली, "पप्पा, तो ग्रह एकटा जगूच शकत नाही."

"मग काय करणार?"

"शेजारी देते त्याला."

तिने कथा मुळापासून पुन्हा लिहिली. कॅप्टन गेला. आता त्या शहराला तीन शेजारी ग्रह होते. एकावरून धान्य यायचं, दुसऱ्यावरून बर्फाचे डोंगर, आणि शहराने वापरलेलं सगळं तिसऱ्यावर जायचं. नायिका होती पाणी सोडणारी एक बाई. तिसऱ्या ग्रहावरून प्यायच्या पाण्याची मागणी येते, तेव्हा ती सबंध शहराचा व्हॉल्व्ह तासभर बंद ठेवते. आपलं पाणी येतं तरी कुठून, असं शहरातली माणसं त्या तासात पहिल्यांदा एकमेकांना विचारतात.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी शेरा मारला होता, 'कल्पना बरी, परंतु संघर्ष कमी.' निकिताने तो हसण्यावारी नेला. कचरूंना मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण कथा कॉलेजच्या वार्षिकात छापून आली आणि त्यांनी अंक ऑफिसात नेऊन इंजिनीयर माधवसाहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी डबा खाता खाता कथा वाचून काढली. मग चष्मा काढून विचारलं, "साळवे, या बाईने व्हॉल्व्ह बंद करायच्या आधी वरिष्ठांची परवानगी घेतली होती का?"

"वरिष्ठ सहाशेव्या मजल्यावर बसतात, साहेब," कचरू म्हणाले. "त्यांना खाली उतरायलाच दोन दिवस लागतात."

साहेब खळखळून हसले. "हा अंक मी घरी नेतो," म्हणाले, आणि तो डब्याच्या पिशवीत ठेवला. कचरूंना तो परत मागायचा धीर झाला नाही. संध्याकाळी ते कॉलेजवर गेले आणि निकिताच्या नावाने आणखी एक अंक मागून आणला.